तुमचा फोटो हलला, त्याबद्दल

रस्त्यात, रांगेत, विमानतळावर एखादा टीव्हीवरचा ओळखीचा चेहरा दिसला की खिशातला फोन काढून पुढे होणाऱ्या सर्वांना,

सप्रेम नमस्कार.

तुम्ही मला ओळखत नाही, पण आपली भेट झालेली असण्याची बरीच शक्यता आहे. तुम्ही तुमचा फोन माझ्या हातात दिला होतात. ‘ताई, आमचा एक काढता का? आडवा धरा. पाय पण येऊ देत.’ मी काढला. तुम्ही तो मोठा करून पाहिलात, ‘माझे डोळे मिटलेत, अजून एक’ म्हणालात, मी अजून एक काढला. मग फोन माझ्या हातून घेतलात, तिला ‘थँक्यू’ म्हणालात आणि निघून गेलात. तुमच्या घरी, फोनवर, कदाचित भिंतीवरसुद्धा तो फोटो असेल. मी त्यात नाही. मी फोनच्या अलीकडे होते.

मी तिची शाळेपासूनची मैत्रीण. ती नाटकांत आणि मालिकांत काम करते, मी एका ऑफिसात हिशेब बघते. तिचं नाव इथे सांगणार नाही. हे पत्र मी लिहितेय याचा तिला पत्ताही नाही, कळलं तर ‘कशाला गं उगाच?’ म्हणेल. पण गेली वीसेक वर्षं मी तिच्या शेजारी उभी राहून तुम्हाला बघते आहे. तिला तुम्ही एकेकटे भेटता, मला मात्र सगळे मिळून दिसता, आणि सगळे मिळून तुम्ही कसे दिसता ते कुणीतरी तुम्हाला सांगायला हवं. तक्रार करायला बसलेली नाही असं लिहिणार होते, पण खोटं कशाला बोलू? थोडी तक्रार आहेच.

आधी तुमची बाजू. तुमचं प्रेम खोटं नाही, हे मी पाहिलंय. ती समोर आल्यावर हात थरथरणारे लोक पाहिलेत, शब्द न फुटणारे पाहिलेत. ती रोज ठरलेल्या वेळी तुमच्या घरात येते, तुमच्यासमोर रडते, भांडते, हरते. तुम्ही आजारी असताना ती होती, तुमची आई गेली त्या महिन्यातही ती होती. तिच्या हसण्याची लकब तुम्हाला पाठ आहे. मग ती रस्त्यात दिसल्यावर घरचं माणूस भेटल्यासारखं वाटणारच. या एकतर्फी जवळिकीचा अभ्यास डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन अमेरिकी अभ्यासकांनी १९५६ साली मांडला, दूरचित्रवाणी नुकती घराघरात शिरत होती तेव्हा. पडद्यावरचा माणूस थेट आपल्याशी बोलतोय असं वाटतं, ओळख वाढत गेल्यासारखं वाटतं, पण ती वाढते एकाच बाजूने. तुम्हाला ती बारा वर्षं माहीत आहे. तिच्यासाठी मात्र तुम्ही बारा सेकंदांपूर्वी मागून येऊन खांद्यावर हात ठेवलेला अनोळखी माणूस आहात.

खांद्याबद्दल थोडं थांबून सांगते. तुम्ही हात लावलात की ती दचकते आणि लगेच हसते. ते दचकणं तुम्हाला दिसत नाही, कारण तुम्ही मागे असता. मला दिसतं. ८ डिसेंबर १९८० च्या संध्याकाळी न्यूयॉर्कमध्ये राहत्या इमारतीबाहेर एका चाहत्याने बीटल्सचा गायक जॉन लेनन याच्याकडून नव्या रेकॉर्डवर सही घेतली. त्याच रात्री लेनन घरी परतला तेव्हा तोच माणूस तिथे थांबलेला होता, आणि त्याच्या हातात पिस्तूल होतं. ३० एप्रिल १९९३ ला हॅम्बुर्गमध्ये टेनिसपटू मोनिका सेलेस दोन गेममधल्या विश्रांतीत खुर्चीवर बसली असताना प्रेक्षकांतून आलेल्या एकाने मागून तिच्या पाठीत सुरा खुपसला. ती १९ वर्षांची होती, जगात पहिल्या क्रमांकावर होती, आणि हल्लेखोर होता तिची प्रतिस्पर्धी स्टेफी ग्राफ हिचा चाहता. दोन वर्षांहून अधिक काळ सेलेस स्पर्धेत उतरली नाही. तुम्ही तसे नाही, हे तुम्हाला माहीत आहे. तिला कसं कळणार? म्हणून समोरून या, दोन हात अंतरावर थांबा, आणि तिला तुमचे हात दिसू द्या. कमरेत हात घालून फोटो काढायचा असेल तर तो तुमच्या नात्यातल्या माणसांसोबत काढा.

आता त्या ‘एकच’विषयी. ‘एकच फोटो’, ‘एकच मिनिट’, ‘एकच सही, मुलीसाठी’. तुमचा खरंच एकच असतो. तिचा त्या दिवशीचा तो कितवा असतो, ते मी कधी कधी मोजते. मोजायला मला दुसरं काम नसतं, कारण आम्ही दोघी जे बोलत होतो ते केव्हाच तुटलेलं असतं. एकदा मी तिला माझ्या घटस्फोटाचं सांगत होते. चार महिने कुणाला बोलले नव्हते. दुसऱ्या वाक्याला तुम्ही आलात. तुमच्या मागून तुमचे मेहुणे आले, मग शेजारच्या टेबलावरचे. सगळे गेल्यावर ती म्हणाली, ‘हां, बोल.’ बोलता आलं नाही. त्यात तुमचा फार दोष नव्हता, तुम्हाला काय ठाऊक? पण दोन बायका डोकं जवळ नेऊन हळू आवाजात बोलत असतील, त्यातली एक डोळे पुसत असेल, तर त्यातली दुसरी कितीही प्रसिद्ध असली तरी ती वेळ तिची एकटीची नसते. आणि हो, आलातच तर मलाही एखादा नमस्कार करा. ‘तुम्ही त्यांच्या मॅनेजर का?’ हे विचारायच्या आधी.

नकाराचा प्रश्न इथूनच सुरू होतो. तुम्ही म्हणाल, ‘आम्ही विचारतो ना! नाही म्हणायचं त्यांनी.’ पण विचारता कसं, ते आठवा. फोन आधीच चेहऱ्यापर्यंत आलेला असतो. पुष्कळदा व्हिडिओ चालू असतो आणि मग तोंडाने विनंती येते. अशा वेळी नाही म्हणणाऱ्या माणसाचं काय होतं, ते तुम्हीही पाहिलंय. वीस सेकंदांची चित्रफीत, वर ‘बघा यांचा माज’, खाली शेकडो अनोळखी लोक तिच्या आईवडिलांपर्यंत पोचलेले. त्याआधीचे चाळीस फोटो त्यात नसतात. तिच्या पायात पेटके आले होते, विमान सुटायला आलं होतं, हे काही त्यात नसतं. ज्या प्रश्नाला ‘नाही’ हे उत्तर द्यायची सोयच नाही, तो प्रश्न कसला, ती तर वसुली झाली.

खरं विचारायचं असेल तर फोन खिशात ठेवून विचारा. ‘नाही म्हणालात तरी चालेल’ असं म्हणा, आणि ती नाही म्हणाली की खरंच चालू द्या. चेहरा न पाडता. ‘बरं, दुरून तरी काढतो’ न म्हणता. मी पाहिलेल्यांत हे जमणारे फार थोडे, पण जमतं. एक कॉलेजातली मुलगी आली होती, तिला नकार मिळाला. ‘ओके, पण मला तुम्ही फार आवडता’ म्हणाली आणि उड्या मारत मैत्रिणींकडे पळाली. आम्ही दोघी तिच्याकडे बघत राहिलो. दोन मिनिटांनी माझी मैत्रीण स्वतः उठली, तिच्या टेबलापाशी गेली. ही काही युक्ती आहे असं समजू नका, म्हणजे परत वसुलीच.

‘तुम्ही आमच्यामुळे आहात’ हे वाक्य मात्र मला अजिबात सहन होत नाही. तिकीट काढून तुम्ही नाटकाला आलात, तिने अडीच तास घाम गाळून काम केलं. हिशेब मिटला. हिशेबातलं मला कळतं, तेच माझं काम आहे. त्या तिकिटात तिची रविवार सकाळ, तिचं दाताच्या डॉक्टरकडे बसणं, तिचं मुलीवर ओरडणं यातलं काही आलेलं नाही. प्रयोग संपल्यावर रंगपटात भेटायला या ना! तिथे ती तुमच्यासाठी थांबलेली असते, थकलेली असली तरी तिला तुम्ही हवे असता. प्रीमियर, सत्कार, जाहीर कार्यक्रम, या सगळ्या तुमच्या जागा आहेत, तिथे हक्काने मागा.

लपून फोटो काढणाऱ्यांची जात निराळी. ‘आम्ही काही त्रास दिला नाही, लांबूनच काढला’ असं ते अभिमानाने सांगतात. तोंडात घास असताना, पायऱ्यांवर वाकून चपलेचा पट्टा लावताना, डुलकी लागलेली असताना. काढणाऱ्याला वाटतं कुणाला कळलं नाही. कळतं. ज्याच्यावर वर्षानुवर्षं कॅमेरे लागलेत त्याला पाठीलाही डोळे फुटतात. ती मग बोलता बोलता एकदम ताठ बसते, पोट आत घेते, आणि मी ओळखते की डाव्या बाजूला कुणीतरी फोन धरलाय. पुढचं जेवण ती जेवत नाही, जेवल्याचं काम करते.

याच ‘लांबून’चं पुढचं टोक म्हणजे ऑक्टोबर २०२२ मध्ये पर्थला विराट कोहलीच्या हॉटेलच्या खोलीत जे घडलं ते. तो खोलीत नसताना कुणीतरी आत फिरून त्याच्या कपड्यांचं, बुटांचं, देवांच्या मूर्तींचं चित्रण केलं आणि ते जगभर फिरलं. चाहत्यांचा आनंद मी समजू शकतो, पण स्वतःच्या खोलीतही एकांत नसेल तर तो मिळणार कुठे, अशा आशयाचं त्याने तेव्हा लिहिलं होतं. पुढच्याच फेब्रुवारीत आलिया भट आपल्या घरात दिवाणखान्यात बसली असताना शेजारच्या इमारतीच्या गच्चीवरून दोघे जण कॅमेरा रोखून बसलेले तिला दिसले. ते चाहते नव्हते, फोटो विकणारे होते. पण ते फोटो बघायला आपण टपलेले असतो म्हणून ते गच्चीवर चढतात.

मुलांबाबतीत तर मला शिकवायची वेळच यायला नको होती. कोहली आणि अनुष्का शर्मा यांनी मुलीचे फोटो नकोत असं आधीपासून सगळ्यांना विनवलं होतं. तरी जानेवारी २०२२ मध्ये केपटाउनच्या सामन्यात कॅमेरा तिच्यावर गेला आणि काही मिनिटांत ते चित्र सगळीकडे होतं. आईवडिलांना पुन्हा तीच विनंती करावी लागली. आता तुमचं स्वतःचं मूल घ्या. दीड वर्षाचं, झोपेतून उठवलेलं, तिला टीव्हीवर बघून नव्हे तर आता समोर बघून घाबरलेलं. ‘जा, मावशीकडे जा’ म्हणत तुम्ही ते तिच्या हातात कोंबता. ते भोकाड पसरतं. ती त्याला जोजवते, मी ‘इकडे बघ, इकडे बघ’ म्हणून चुटक्या वाजवते. या प्रसंगात एकट्या त्या मुलाचंच वागणं बरोबर असतं.

बोलण्याकडे येते. ‘मला ओळखलंत का?’ असं विचारू नका. नऊ वर्षांपूर्वी एका लग्नात तुम्ही तिला भेटला होतात, बरोबर. त्यानंतर तिला काही हजार माणसं भेटली आहेत. ब्रॅड पिटने तर मुलाखतींत सांगितलंय की त्याला माणसांचे चेहरेच लक्षात ठेवता येत नाहीत, आणि त्यामुळे लोक त्याला शिष्ट समजतात. सरळ नाव सांगा, कुठे भेटलो ते सांगा, परीक्षा घेऊ नका. ‘टीव्हीवर केवढ्या मोठ्या दिसता, प्रत्यक्षात अगदीच...’ या वाक्याचा कुठलाही शेवट बरा नसतो. भाच्याला काम मिळवून द्यायची गळ घालू नका. पुढच्या भागात सुनेचं काय होणार, ते तिलाही ठाऊक नसतं.

आणि सर्वांत जिव्हारी लागणारा प्रश्न तुम्ही अगदी मायेने विचारता. ‘हल्ली दिसत नाही तुम्ही कुठे?’ नटाला हा प्रश्न विचारणं म्हणजे नोकरी गेलेल्याला ‘आज घरी कसे?’ विचारण्यासारखं आहे. ती दिसत नाही कारण तिला कुणी बोलावलेलं नाही. सतरा महिने बोलावलं नव्हतं. त्या काळात ती माझ्यासोबत रस्त्याने चालताना टोपी घालायची. ओळखलं जाण्याची भीती होतीच, पण आता कुणी ओळखणारच नाही, याची जास्त होती. हे ती मला कधी बोललेली नाही. मी आपली शेजारून बघून सांगतेय.

खलनायिकेच्या भूमिकेसाठी तिला शिव्या देणाऱ्यांवर मी रागावत नाही, ती तर खूशच होते. पडद्यावरचं माणूस खरं मानण्याची आपली खोड जुनी आहे. १९८७ साली दूरदर्शनवर अरुण गोविल राम झाले, तेव्हापासून लोक त्यांच्या पाया पडतात, आणि पस्तीस वर्षांनीही विमानतळावर एका बाईंनी त्यांच्यापुढे लोटांगण घातलं. पायाशी कुणी आडवं पडलं असताना चेहरा कसा ठेवायचा असतो, देव जाणे.

काहींनी यातून गमतीदार पळवाटा काढल्या. अमेरिकी विनोदी नट स्टीव्ह मार्टिन एके काळी छापील कार्डं खिशात ठेवायचा आणि सही मागणाऱ्याच्या हातात एक द्यायचा. ‘आपली प्रत्यक्ष भेट झाली आणि मी तुम्हाला प्रेमळ, सभ्य, हुशार नि विनोदी वाटलो’ असा दाखलाच त्यावर असे. हॅरी पॉटर झालेला डॅनियल रॅडक्लिफ २००७ मध्ये लंडनला नाटक करत होता तेव्हा रोज थिएटरबाहेर तेच जाकीट नि तीच टोपी घालून निघायचा. सगळे फोटो एकाच दिवशीचे वाटायचे, मग छायाचित्रकारांना ते विकता येईनात. हे मी मैत्रिणीला सांगितलं तर म्हणाली, ‘आपल्याला नाही जमणार, लोक म्हणतील हिच्याकडे दुसरं काही नाही.’

त्याच चित्रपटांतल्या एमा वॉटसनचं मला जास्त पटतं. २०१७ च्या एका मुलाखतीत ती म्हणाली की ती अनोळखी लोकांबरोबर फोटो टाळते, कारण तो टाकल्याबरोबर ती नेमकी कुठे आहे, काय घातलंय, कुणासोबत आहे, हे साऱ्या जगाला कळतं. फोटो नको, पण बसा, विचारायचं ते विचारा, मी उत्तरं देते, असं ती चाहत्यांना सांगते. म्हणजे जास्त मोठी गोष्ट द्यायला तयार असते, आणि पुष्कळांना ती नको असते! सहीच्या काळात निदान नाव विचारावं लागे, ‘श्री की श्रि’ असं विचारावं लागे, कागद आणि पेन शोधताना चार शब्द व्हायचे. ‘सेल्फी’ हा २०१३ साली ऑक्सफर्डचा वर्षाचा शब्द ठरला, त्यानंतर माझ्या हातात येणारे फोनही कमी झाले. सेल्फीत तुम्ही तिच्याकडे पाठ करता. आयुष्यभर जिला बघायचं होतं ती हातभर अंतरावर असते आणि तुम्ही दोघंही फोनकडे बघत असता. काढलातच तर निदान तिथून ती निघून जाईपर्यंत कुठे टाकू नका. तेवढ्याने तिला शांतपणे गाडीपर्यंत जाता येतं.

फोटो नसलेली एक भेट सांगते. बँकेत आम्ही रांगेत होतो. पुढचे वृद्ध गृहस्थ मागे वळले, तिच्याकडे बघून म्हणाले, ‘तुमचं नाटक पाहिलं होतं. दुसऱ्या अंकात पत्र वाचून झाल्यावर तुम्ही काहीच बोलत नाही. आमची ही तशीच गप्प बसायची.’ बस. पुन्हा पुढे वळले, आपलं काम केलं आणि गेले. त्यांनी नाव सांगितलं नाही, तिचं विचारलं नाही. याला आठ वर्षं झाली. तिच्याकडे पुरस्कारांचं एक कपाट आहे, त्यातल्या एकाचीही हकिकत तिने मला दोनदा सांगितलेली नाही. या गृहस्थांचं मात्र ती दर वर्षी काढते. ‘आमची ही’ म्हणताना ते ‘बसायची’ म्हणाले, ‘बसते’ नाही, हे तिच्या त्या रात्री झोपताना लक्षात आलं होतं.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते.

तिचे वडील अतिदक्षता विभागात होते. रात्रीचे साडेअकरा वाजले असतील. डॉक्टर नुकतेच बाहेर येऊन बोलून गेले होते आणि आम्ही दोघी कॉरिडॉरमधल्या बाकावर बसलो होतो. तिने केस विंचरले नव्हते, चष्मा होता, तरी तुम्ही ओळखलंत. तुमचंही कुणीतरी आत असणार, नाहीतर त्या वेळी तिथे कोण येतं? म्हणूनच मला अजून समजत नाही. ‘मॅडम, एकच’ असं म्हणालात. ती उठून उभी राहिली. तिला नाही म्हणायची ताकद नव्हती. तुम्ही फोन माझ्याकडे दिलात, तिच्या शेजारी उभे राहिलात आणि म्हणालात, ‘जरा हसा ना.’

ती हसली. तीस वर्षांचा सराव, आलं हसू.

‘ब्लॅक पँथर’मधला नट चॅडविक बोसमन याचं मी नंतर वाचलं. २०१६ पासून त्याला आतड्याचा कर्करोग होता. शस्त्रक्रिया आणि केमोथेरपीच्या अधेमधे तो चित्रीकरण करत राहिला आणि बाहेर कुणाला कळू दिलं नाही. एप्रिल २०२० मध्ये तो फार बारीक दिसला तेव्हा लोकांनी त्यावरून टिंगलही केली. ऑगस्टमध्ये तो गेला, ४३ वर्षांचा होता. त्याचं निदान लोकांना माहीत नव्हतं असं म्हणता येतं. तुमच्यासमोर तर अतिदक्षता विभागाची पाटी होती, लाल दिवा होता.

मी तीन फोटो काढले. ‘आले का?’ तुम्ही विचारलंत, मी ‘हो’ म्हटलं. तुम्ही न बघताच फोन खिशात टाकलात, बहुतेक आतून तुम्हाला कुणी हाक मारली होती. घरी जाऊन बघितलं असेल. तिन्हींपैकी एकही फोटो नीट आलेला नाही. दोन पांढुरके ठिपके नि मागे दिव्यांच्या रेघा, एवढंच असेल. फोन जुना होता किंवा उजेड कमी होता असं तुम्हाला वाटलं असेल. फोन चांगला होता. मी हात हलवला होता, तिन्ही वेळा, मुद्दाम.

याबद्दल तुमची माफी मागायला हवी. अजून मागावीशी वाटलेली नाही. तुमचं जे माणूस आत होतं ते बरं होऊन घरी गेलं असेल, अशी आशा करते.

आपली,
फोटो काढणारी